शालेय क्रीडांगण आणि विद्यार्थ्यांचे हृदय



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून वार्षिक क्रीडास्पर्धांचे वेध लागतात. फक्कीच्या पांढऱ्या रेषांनी मैदाने आखली जातात, कबड्डी आणि खो-खोचे संघ निवडले जातात, पहाटेच्या गारव्यात धावण्याचा सराव सुरू होतो. मुलाच्या शरीराची आणि मनाची जडणघडण जितकी वर्गात होते, तितकीच मैदानावरही होते, याविषयी आज दुमत उरलेले नाही. अशा या आनंदाच्या जागी क्वचित प्रसंगी एक भयंकर घटना घडते. धडधाकट दिसणारा विद्यार्थी धावता धावता कोसळतो आणि पुन्हा उठत नाही. घरादारावर आकाश कोसळते. ‘नशिबाची गोष्ट’ असे म्हणून समाज हळहळतो आणि काही दिवसांनी सारे विसरून जातो.

प्रस्तुत व्याख्यानाचे सूत्र एवढेच आहे की, या घटनांतील बऱ्याच घटना केवळ नशिबाच्या नसतात. काही वेळा शरीराने आधी सूचना दिलेली असते, ती ऐकली गेलेली नसते. आणि सूचना मिळालेलीच नसेल, तरीही कोसळल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत जवळ उभ्या असलेल्या माणसांच्या हाती त्या मुलाचे प्राण असतात. ही मिनिटे डॉक्टरांची नसतात. ती शिक्षकांची, पालकांची आणि सोबत्यांची असतात.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. वयस्क माणसाला येणारा हृदयविकाराचा झटका आणि खेळाडू मुलाची अकस्मात बंद पडणारी हृदयक्रिया या दोन भिन्न गोष्टी होत. झटक्यामध्ये हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबते. मुलांमध्ये बहुधा बिघाड होतो तो हृदयाच्या विद्युत्-व्यवस्थेत. हृदयाचे ठोके सूक्ष्म विद्युत्-संकेतांच्या शिस्तीवर चालतात. ही शिस्त मोडली की हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. हृदय हलत असते, परंतु रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

असे का घडते? लंडन येथील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर यांनी १९५८ साली काही तरुण व्यक्तींच्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या हृदयांत दोन कप्प्यांमधील स्नायूची भिंत विलक्षण जाड झालेली त्यांना आढळली. हा विकार बहुतांशी आनुवंशिक असून सुमारे ५०० व्यक्तींमागे एकाला तो असतो, असे पुढील संशोधनातून दिसून आले. आईवडिलांपैकी एकाला त्याचा जनुकीय दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांना तो असतो, त्यांतील पुष्कळ जण दीर्घायुषी होतात; परंतु काहींच्या बाबतीत तीव्र श्रमाच्या क्षणी तो घात करतो. याखेरीज हृदयाची रक्तवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागेतून निघालेली असणे, हृदयाच्या विद्युत्-प्रवाहातील जन्मजात दोष, तापानंतर हृदयाच्या स्नायूला आलेली सूज, अशीही कारणे आहेत. कधी तर हृदय पूर्णतः निरोगी असते. पण चेंडूचा जोरदार आघात छातीवर नेमक्या घातक क्षणी होतो आणि ठोक्यांची लय मोडते. मुलांच्या छातीचा पिंजरा लवचीक असल्याने हा धोका त्यांना अधिक असतो. क्रिकेटच्या कठीण चेंडूने खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे विशेषत्वाने ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात या यादीत आणखी एका विकाराची भर पडते, तो म्हणजे संधिवाताच्या तापातून उद्भवणारा झडपांचा विकार. साधारणतः ५ ते १५ वर्षांच्या वयात घशाला एका विशिष्ट जिवाणूचा संसर्ग होतो. त्यावर योग्य उपचार न झाल्यास काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांवर कायमचा परिणाम राहून जातो. सांधेदुखी आपोआप बरी होते, म्हणून घरचे निश्चिंत होतात. हृदयातील इजा मात्र मागे राहते. पुढे हेच मूल ‘लवकर दमते’ म्हणून चेष्टेचा विषय होते. वेळीच निदान झाल्यास ठरावीक काळाने पेनिसिलिनची इंजेक्शने देऊन पुढची हानी रोखता येते. ‘मुलाचा घसाच तर दुखतो आहे’ असे म्हणून दुर्लक्ष करणे म्हणूनच योग्य नव्हे.

आता सूचनांविषयी. धावताना किंवा खेळताना भोवळ येणे, ही सर्वांत महत्त्वाची सूचना होय. प्रार्थनेला उन्हात बराच वेळ उभे राहिल्याने चक्कर येणे निराळे आणि पळता पळता अचानक शुद्ध हरपणे निराळे. पहिली गोष्ट बहुधा निरुपद्रवी असते, दुसरी मात्र तपासणीवाचून सोडू नये. श्रम करताना छातीत दुखणे वा छाती आवळल्यासारखी वाटणे, बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर धाप लागणे, विनाकारण धडधड होणे, याही सूचनाच आहेत. कित्येकदा अशा मुलाला ‘आकडी येते’ असे समजून मेंदूचे उपचार चालू राहतात आणि मूळ दोष हृदयात असल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

याच्याच जोडीला कुटुंबाचा इतिहास विचारावयास हवा. घराण्यात पन्नाशीच्या आत कोणाचा आकस्मिक मृत्यू झाला आहे काय? चांगला पोहणारा कोणी पाण्यात अनाकलनीयरीत्या बुडाला आहे काय? कोणाला तरुणपणीच हृदयाचा विकार जडला आहे काय? आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या आठवणी दीर्घ असतात. एखाद्या आजीला ‘थोरल्या दिरांचा मुलगा विसाव्या वर्षी शेतात बसल्या जागी गेला’ हे पक्के ठाऊक असते. परंतु ते कोणी विचारत नाही आणि शाळेच्या अर्जात त्याला रकाना नसतो. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने खेळाडूंच्या तपासणीसाठी १४ मुद्द्यांची यादी तयार केली आहे. तिच्यातील बहुतेक मुद्दे असे साधे प्रश्नच आहेत, उरलेले रक्तदाब मोजणे, नाडी पाहणे आणि छातीला नळी लावून ऐकणे अशा तपासण्यांचे आहेत. यासाठी मोठ्या यंत्रांची गरज नाही. गरज आहे ती पालकांनी सत्य सांगण्याची आणि डॉक्टरांनी विद्यार्थ्यास प्रत्यक्ष तपासूनच दाखल्यावर सही करण्याची.

यंत्राने तपासणी करावी की करू नये, याविषयी जगभरात मोठा विचार झाला आहे. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूस ईसीजीसह वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. तेथील व्हेनेतो प्रांतातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तरुण खेळाडूंमधील हृदयजन्य आकस्मिक मृत्यूंचे वार्षिक प्रमाण लाखामागे ३.६ वरून ०.४ पर्यंत खाली आले. हे यश दीपवून टाकणारे आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पादुआ येथील केंद्रात तपासलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ९ टक्क्यांना पुढील तपासण्या कराव्या लागल्या आणि अखेर सुमारे २ टक्क्यांना स्पर्धेपासून दूर ठेवण्यात आले. म्हणजे अनेक कुटुंबांना, अंती दोष न निघताही, काळजीचे दिवस काढावे लागले. इस्राएलनेही १९९७ मध्ये असा कायदा केला. तेथे मात्र कायद्याच्या आधीच्या आणि नंतरच्या मृत्यूंच्या प्रमाणात विशेष फरक आढळला नाही, असे २०११ च्या अभ्यासाने दाखविले.

इंग्लंडमधील अनुभव अधिक बोलका आहे. तेथे १९९६ ते २०१६ या काळात साधारण सोळा वर्षांच्या ११,१६८ फुटबॉलपटूंची ईसीजी आणि हृदयाच्या सोनोग्राफीसह कसून तपासणी झाली. त्यांपैकी ४२ जणांत घातक ठरू शकणारे दोष सापडले आणि त्यांच्यावर वेळीच उपाययोजना करता आली. ही निश्चितच समाधानाची गोष्ट होय. मात्र पुढील काळात हृदयविकाराने जे ८ खेळाडू दगावले, त्यांपैकी ६ जणांची तपासणी निर्दोष ठरलेली होती. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन याचे उदाहरण तर सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. कठोर तपासणीसाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीतच तो त्या वेळी व्यावसायिक फुटबॉल खेळत होता. तरीही १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे फिनलंडविरुद्धच्या सामन्यात त्याची हृदयक्रिया बंद पडली. तो वाचला, कारण मैदानावरच छातीदाब सुरू झाले आणि विजेचा धक्का देणारे यंत्र काही मिनिटांतच वापरले गेले. पुढल्या वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. तपासणी आवश्यक आहे, परंतु ती पुरेशी नाही. दाखल्यावर ‘तंदुरुस्त’ असे लिहिले म्हणून मैदानावरची तयारी अनावश्यक ठरत नाही.

परंतु तयारी म्हणजे केवळ यंत्र विकत घेणे नव्हे. हे समजण्यासाठी जपानकडे पाहावे. जपानमध्ये शाळकरी मुलांच्या हृदयतपासणीची व्यवस्था १९७० च्या दशकापासून आहे आणि १९९५ पासून प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक अशा तिन्ही टप्प्यांच्या पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याचा ईसीजी काढला जातो. सामान्य नागरिकांनाही विद्युत्-धक्क्याचे यंत्र वापरण्याची मुभा तेथे २००४ मध्ये मिळाली आणि शाळांतून ही यंत्रे बसविण्यात आली. अशा या देशातील सैतामा शहरात सप्टेंबर २०११ मध्ये सहावीत शिकणारी अकरा वर्षांची मुलगी सांघिक शर्यतीच्या सरावात १००० मीटर धावून कोसळली. शाळेत यंत्र होते. शिक्षक धावत आले. परंतु तिचा श्वास चालू आहे असे त्यांना वाटले. तिला स्ट्रेचरवरून आरोग्यकक्षात नेण्यात आले. अकरा मिनिटांनी रुग्णवाहिका आली, तोवर छातीदाब दिले गेले नव्हते आणि यंत्रही वापरले गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती मुलगी गेली.

शिक्षकांना जो श्वास वाटला, तो श्वास नव्हता. हृदयक्रिया बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे अनेक रुग्ण अधूनमधून आचके देतात. तोंड उघडते, घशातून घरघर होते. काहींचे हातपाय आकडी आल्यासारखे हलतात. पाहणाऱ्याला ही जिवंतपणाची खूण वाटते. वस्तुतः ती हृदय थांबल्याची खूण असते. येथेच मौल्यवान मिनिटे निसटतात.

त्या मुलीच्या आईवडिलांनी आणि शहराच्या शिक्षण मंडळाने त्यानंतर जे केले, ते अत्यंत अनुकरणीय आहे. दोषारोपांत न अडकता त्यांनी एकत्र बसून २०१२ मध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी एक मार्गदर्शिका सिद्ध केली. तिला त्या मुलीचेच नाव देण्यात आले. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: श्वास चालू आहे की नाही याचा निर्णय होत नसेल, तर हृदय बंद आहे असेच मानावे, छातीदाब सुरू करावेत आणि यंत्र आणावे. हृदय चालू असताना चुकून छातीदाब दिले गेले तर सहसा मोठी हानी होत नाही. परंतु हृदय बंद असताना ते दिले नाहीत, तर हानी कधीच भरून येत नाही.

ही तयारी शालेय स्तरावर फलदायी ठरते काय? ठरते. अमेरिकेतील अशी यंत्रे असलेल्या १,७१० माध्यमिक शाळांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या शाळांतून हृदयक्रिया बंद पडण्याच्या ३६ घटना नोंदल्या गेल्या. त्यांत १४ विद्यार्थी खेळाडू होते, इतर शिक्षक, कर्मचारी, प्रेक्षक असे मोठे लोक होते. १४ विद्यार्थ्यांपैकी ९ जण वाचून घरी गेले आणि मोठ्यांपैकीही १४ जण वाचले. म्हणजे शाळेतील यंत्र विद्यार्थ्यांइतकेच शिक्षकांच्या, शिपायांच्या आणि सामना पाहावयास आलेल्या आजोबांच्याही उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष कृतीचा क्रम. खेळाडू कोणाशीही टक्कर न होता, अथवा छातीवर चेंडू लागून कोसळला आणि हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर हृदयच बंद पडले आहे असे समजावे. आपल्याकडे अशा वेळी गर्दी जमते. कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी नाकाशी कांदा धरतो, कोणी पाणी पाजू पाहतो, कोणी उचलून रिक्षात घालतो. यांतील एकाही गोष्टीने थरथरणारे हृदय पूर्ववत होत नाही; बेशुद्धाला पाणी पाजणे तर घातकच होय. एकाने तात्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, दुसऱ्याने यंत्र आणण्यासाठी धावावे आणि तिसऱ्याने मुलाला पाठीवर सरळ निजवून छातीच्या मध्यभागी तळहातांनी दाब देण्यास प्रारंभ करावा. दाब जोरकस हवेत, मोठ्या मुलांत छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली जाईल इतके. आणि जलद हवेत, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत वर येऊ द्यावी. ज्याला प्रशिक्षण मिळाले आहे, त्याने मधूनमधून तोंडाने श्वासही द्यावेत. हे श्रमाचे काम आहे, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा.

यंत्र येताच ते सुरू करावे. पुढे काय करावयाचे ते यंत्रच बोलून सांगते. छाती उघडी व कोरडी करून दोन पट्ट्या चिकटविल्या की ते हृदयाची लय तपासते आणि गरज असेल तरच धक्का देण्यास सांगते. निरोगी लयीतील हृदयाला ते धक्का देत नाही. त्यामुळे अप्रशिक्षित माणसानेही ते वापरण्यास कचरू नये. येथे एक नाजूक बाब सांगणे क्रमप्राप्त आहे. शाळांतील अशा घटनांच्या जपानमधील अभ्यासात मोठ्या वयाच्या मुलींना मुलांच्या तुलनेने या पट्ट्या कमी वेळा लावल्या गेल्याचे आढळले. संकोच हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते. सोबतिणींनी भोवती उभे राहून आडोसा करावा, परंतु संकोचापायी कोणाच्या लेकीचा प्राण जाऊ नये.

मदत मिळाली नाही, तर सरणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे आणि तिचा आधार मोठा आहे. तथापि सैतामासारख्या प्रगत शहरातही रुग्णवाहिकेला अकरा मिनिटे लागली, हे विसरून चालणार नाही. रस्ता कितीही चांगला असला, तरी मैदानावरच्या माणसाइतके जवळ कोणीच नसते.

महाराष्ट्रातील शाळांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा विचारात घ्यावा लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथेच झाला. जन्मजात हृदयदोष आणि झडपांचा विकार यांचा त्याच्या तपासणीत समावेश आहे. मात्र फिरती आरोग्यपथके जातात ती शासकीय आणि अनुदानित शाळांत. विनाअनुदानित शाळांतील मुले या जाळ्याबाहेर राहतात. अशा शाळा चालविणाऱ्या विश्वस्त संस्थांनी ही तपासणी आपल्या खर्चाने आणि आपल्या जबाबदारीने करवून घेणे हे त्यांचे कर्तव्यच ठरते.

यासोबत एक शिस्त पाळली जावी. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याने २०१२ मध्ये कायदाच केला आहे की, खेळताना शुद्ध हरपलेल्या विद्यार्थ्याला वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीवाचून पुन्हा खेळवता येणार नाही आणि प्रशिक्षकाने दरवर्षी या विषयाचे शिक्षण घेतले पाहिजे. असा नियम करण्यासाठी शाळेने शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. शालेय समितीचा एक ठराव पुरेसा आहे. त्याचप्रमाणे ताप असलेल्या किंवा नुकत्याच तापातून उठलेल्या मुलास सरावाचा आग्रह करू नये. दहावी-बारावीला मिळणाऱ्या क्रीडागुणांच्या ओढीने मुले त्रास लपवितात आणि काही वेळा पालकही तो लपवितात. ‘छातीत दुखते’ असे सांगणारा विद्यार्थी भित्रा नव्हे, हे प्रशिक्षकाने साऱ्या संघासमोर एकदा स्पष्ट सांगितले, तर कित्येक मुले बोलती होतील.

दोष सापडला म्हणजे खेळ कायमचा संपला, असेही नाही. काही विकार शस्त्रक्रियेने अथवा अन्य उपचारांनी पूर्ण बरे होतात. इतरांच्या बाबतीत कोणता खेळ, किती श्रम, याचा प्रत्येक मुलापुरता स्वतंत्र विचार तज्ज्ञ आता करतात. पूर्वीप्रमाणे सरसकट बंदी घातली जात नाही. म्हणून भीतीपोटी तपासणी टाळणे हा मुलावर अन्यायच होय.

समाजातील दानशूर मंडळी क्रीडास्पर्धांना चषक देतात, गणवेश देतात, मंडप देतात. त्याच उदार हातांनी एखाद्या शाळेला हे यंत्र द्यावे. आणि यंत्राबरोबर शिक्षकांच्या व आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद करावी. यंत्र मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद न राहता मैदानाजवळ, सर्वांना दिसेल असे असावे. त्याची बॅटरी आणि पट्ट्यांची मुदत पाहण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे असावे. आग लागल्यास काय करावे याचा जसा सराव होतो, तसा वर्षातून दोनदा याचाही सराव व्हावा: कोण दूरध्वनी करील, कोण धावेल, कोण दाब देईल, रुग्णवाहिकेसाठी फाटक कोण उघडेल. ही नावे आधी ठरलेली असली, म्हणजे ऐन वेळी कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत उभा राहत नाही.

पालकांनी आज घरी गेल्यावर एक छोटे काम करावे. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून कुटुंबात कोण अकाली गेले आणि कसे गेले, हे विचारून लिहून ठेवावे आणि तो कागद पुढील तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवावा. शिक्षकांनी आपल्या वर्गात खेळताना एकदा तरी भोवळ आलेल्या मुलांची नावे आठवून पाहावीत. संस्थाचालकांनी पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा एक विषय घालावा. या तिन्ही कामांना फार पैसा लागत नाही, केवळ जागरूकता लागते. मुले मैदानावर निर्भयपणे धावत राहावीत, यासाठी मोठ्यांनी एवढे सावध राहणे अगत्याचे आहे.